कोण बोलतो?

मुकादम चाचा फोन उचलला की पहिल्यांदा विचारत, "कोण बोलतो?" त्यात नवल काही नाही, पुष्कळ लोक विचारतात. पण चाचा फोन ठेवल्यावरही तेच विचारत. कोणी म्हणालं, आज पारा सत्तेचाळीसला गेलाय, तर चाचा म्हणणार, "कोण बोलतो?" कोणी म्हणालं, जबल अलीच्या रस्त्यावर ट्रेलर उलटलाय, दोन तास ट्रॅफिक आहे, तर पुन्हा "कोण बोलतो?" त्यांची नात शारजात शाळेत जाते. एकदा ती व्हिडिओवर समोर दिसत असतानाही चाचांनी विचारलं. ती म्हणाली, "नाना, इट्स मी ओन्ली. यू कॅन सी मी." चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ आणला, पोरीला नीट बघितलं आणि मगच तिचा सलाम घेतला.

शारजाच्या पुढे उम्म अल कुवैन आहे, तिथल्या इंडस्ट्रियल एरियात आमचं गॅरेज आहे. तिथे जुन्या अमेरिकन गाड्या येतात. लांब नाकाच्या, दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या, पन्नास-पन्नास वर्षांमागच्या. चालू केल्या की पत्रे थरथरतात. इथल्या शौकीन माणसांना त्यांचं फार वेड. पण घेताना सगळ्यांना एकच धाकधूक असते: गाडी कारखान्यातून अशीच निघाली होती, की साध्या गाडीला मोठं इंजिन बसवून, नंबर ठोकून, रंग मारून कोणी तिला 'ओरिजिनल' केलं? दिसायला दोघी जुळ्या बहिणी. किमतीत मात्र एक बंगल्यात राहणारी आणि दुसरी लेबर कॅम्पात. त्यातली कुठली कुठली, ते सांगणं हे चाचांचं काम.

चाचा दाभोळच्या खाडीकडचे. अंगानं काटकुळे, पॅण्ट पोटाच्या वर, फुल शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली, उन्हाळा असो की काही असो. वरच्या खिशात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा आणि एक छोटा टॉर्च. पॅण्टच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. ते पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटायचं सोडून घसरलं, तिथे आत पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. रुमाल कशासाठी, तर दुसऱ्याच्या रंगावर ओरखडा नको. गॅरेजमधले लोक म्हणत, चाचा, हे माणसांना पण लावून बघा ना. चाचा म्हणत, "माणसाला लावायला लागला तर चिकटायचा कुठे?"

मी सीटकाम करतो. फोम, स्प्रिंगा, रेक्झिन, शिवण. शाळा सातवीत सुटली. करमाळ्याकडे आमच्या गावी आई लोकांच्या गोधड्या शिवायची, तिच्याकडून सुई हातात आली आणि सुईने मला इथपर्यंत आणलं. चाचांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा वय अडतीस होतं. आधी हमरिया फ्री झोनमध्ये एका गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे होतो, तिथून सुटलो होतो आणि व्हिसा बदलायला तीस दिवसांपैकी अकरा उरले होते. घरी आई, बायको, दोन मुली. त्या अकरा दिवसांतला प्रत्येक दिवस मला अजून आठवतो, कोणत्या दिवशी काय खाल्लं त्यासकट.

मालकाने मला चाचांकडे पाठवलं. मी अनुभवाचा दाखला पुढे केला. चाचांनी भिंग काढलं. एवढ्याशा कागदाला माणूस एवढा वेळ बघतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दाखल्यात भानगड होती. हमरियाच्या व्यापाऱ्याने मला दाखला दिलाच नव्हता. त्याच्या जुन्या ऑफिसबॉयने कोऱ्या लेटरहेडवर लिहून दिला होता आणि शिक्का नंतर कुठूनतरी मारून आणला होता.

"सही एका दिवसाची आहे," चाचा म्हणाले, "आणि शिक्का दुसऱ्या दिवसाचा. शाई सहीच्या वर चढलेय, पण सही तोवर सुकून जुनी झाली होती. कोण बोलतो की तू तिथे चार वर्षं होतास?"

मी दाखला परत घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी एक फाटकी सीट माझ्यापुढे टाकली. "वीतभर शिव." मी शिवली. सुई हातात आली की मला दुसरं काही दिसत नाही, हे देवाचे उपकार. चाचांनी शिवण उलटीकडून बघितली. सुलटीकडून त्यांनी कधी काहीच बघितलं नाही. मग मालकाला हाक मारून म्हणाले, "कागद खोटा आहे. हात खरा आहे. हाताला ठेवूया."

त्या एका वाक्यावर माझ्या घरात आजपर्यंत चूल पेटते. म्हणून हे लिहायला बसलो.

पण ठेवलं म्हणजे विश्वास ठेवला असं नाही. मला ते कळायला वेळ लागला नाही. मी काम करताना चाचा कुठूनतरी बघत असायचे. मी मान वर केली की ते दुसरीकडे बघायचे. पहिल्याच आठवड्यात एक सीट बंद करताना मी खिशातून कागदाची पुडी काढली आणि आत चार दाणे टाकले. मागून आवाज आला, "काय टाकलास?"

"तांदूळ, चाचा. हळद लावलेले."

"कशाला?"

मग सांगावं लागलं. आई गोधडीचं शेवटचं तोंड शिवताना आत हळदीचे चार दाणे टाकायची. पांघरूण उपाशी ठेवू नये, नाहीतर पांघरणारा उपाशी झोपतो, असं म्हणायची. मला ती सवय लागली. सीट शिवली आणि दाणे टाकले नाहीत तर दिवसभर कुठेतरी काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटतं. गावाहून आणलेली पुडी संपली तेव्हा इथल्या दुकानातला कोलम घेऊन त्यालाच हळद लावली.

"उंदीर येतील," चाचा म्हणाले.

"आजवर आले नाहीत."

"कोण बोलतो?" एवढं म्हणून गेले. पण त्यानंतर मी सीट बंद करायला घेतली की ते काहीतरी काम काढून टेबलाजवळून जायचे आणि मी दाणे टाकले की पुढे सरकायचे. पोरं जेवली का हे बघायला घरातला म्हातारा चक्कर मारतो तसं.

त्यांचा संशय फक्त गाड्यांपुरता नव्हता. मे महिन्यात एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून हापूसची पेटी आणली. पेटीवर मोठ्या अक्षरांत रत्नागिरी. दुकानदाराने चाचांकडे बघून खास सांगितलं होतं, तुमच्या गावचा आहे. चाचांनी आंब्याला हात लावला नाही. आंबे एकेक करून बाहेर ठेवायला लावले, खालचा गवताचा थर उचलला आणि तळाला अंथरलेला पेपर बाहेर काढला. आमच्यातल्या हुबळीच्या पेंटरला दिला. "वाच." त्याने कन्नडमध्ये घडाघडा वाचला.

चाचा म्हणाले, "आंबा रत्नागिरीचा, पेपर कर्नाटकचा. दोघांची भेट कुठे झाली?"

आंबे गोड होते. आम्ही खाल्ले. चाचांनी पण दोन खाल्ले, पण खाताना तोंड असं की जणू साक्षीदाराची जबानी घेतायत.

गाडी तपासायची त्यांची रीत ठरलेली. आधी गाडीला हात लावायचा नाही. पालथ्या बादलीवर गाडीच्या मागच्या बाजूला बसायचं आणि एक चहा संपेपर्यंत नुसतं बघायचं. मागच्या बाजूला का, तर विकणारा पुढून सजवतो. मग उठून काचांपासून सुरुवात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, ती काच कुठल्या महिन्यात बनली त्याची. ती आधी वाचायची. मग रिवेटा, वेल्डिंगचे टिपके, मग इंजिन. इंजिनावर एक सपाट पट्टी असते, तिच्यावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. कारखान्याच्या मशिनीने त्या पट्टीवर केसासारख्या रेघा उठलेल्या असतात. दुसरा नंबर ठोकायचा तर पट्टी घासावी लागते, आणि घासली की रेघा गेल्या. इंजिन ओतल्याची तारीख वेगळी असते, ती गाडी बनल्याच्या आधीची पाहिजे. एका गाडीत ती नंतरची निघाली तेव्हा चाचा मालकाला म्हणाले, "बापाच्या आधी पोरगा जन्मला, मुबारक."

शेवटी ते कागदावर तीनपैकी एक शब्द लिहीत. इंग्रजीत लिहीत, पण आम्हाला सांगताना म्हणत: खरी, बदललेली, बनवलेली. बदललेल्या गाडीबद्दल त्यांना राग नव्हता. "पन्नास वर्षांत कोण बदलत नाही? बदलली आणि सांगितला, तर गुन्हा नाही. बदलली आणि सांगितला नाही, ती बनवलेली."

एकदा एक निळी गाडी आली. मी तरी इतकी सुंदर गाडी बघितली नव्हती. उघड्या डिकीत वाकून बघितलं तरी एक डाग नाही, टिपका न् टिपका एका ओळीत. तिचा मालक, एक तरुण इंजिनियर, हौसेने बरोबर आला होता. चाचा बादलीवर बसले आणि अर्ध्या चहातच उठले.

"बनवलेली."

"अंकल, यू डिडन्ट इव्हन टच इट," तो म्हणाला.

चाचा त्याला आमच्याकडच्या दुसऱ्या एका खऱ्या गाडीजवळ घेऊन गेले, डिकी उघडली, टॉर्च मारला. आत रंगाचा ओघळ, सीलंट बोटाने फासलेलं, एक टिपका इकडे, एक तिकडे. "कारखान्याला घाई होती," चाचा म्हणाले. "तिथे पण आपल्यासारखेच लोक होते. सुट्टी कधी होते बघत होते. एवढा सरळ काम पगारी माणूस करत नाही. एवढी सवड चोरालाच असते."

तो इंजिनियर बराच वेळ त्या ओघळाकडे बघत राहिला. मला त्याची दया आली. चाचांना आली की नाही सांगता येत नाही. त्यांनी त्याला चहा पाजला, एवढं खरं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं बरोबर कळणार नाही. मला चाचांचाही संशय होता. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, कुलपात. एकदा मी सुई मागायला गेलो तर खण उघडा होता, आणि चाचा त्या डब्यातल्या वस्तू काढून तेल लावत होते. ते नंबर ठोकायचे छाप होते. लोखंडाचे, बोटाएवढे, जुने. मला बघून त्यांनी डबा बंद केला. घाईने नाही. पण केला.

नंबर तपासणाऱ्या माणसाने नंबर ठोकायचे छाप कशाला ठेवावेत? मी कोणाला विचारलं नाही. माझ्या दाखल्याची भानगड ज्याला माहीत आहे, त्याच्या डब्याची चौकशी मी कुठल्या तोंडाने करणार? पण तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून होतो, असं म्हटलं तरी चालेल.

मग लाल गाडी आली.

ती विकत घेणार होते अबू राशिद. इथलेच, साठीचे, मोजकं बोलणारे. ते चाचांच्या शब्दाशिवाय गाडी घेत नसत. आणि विकणारा कोण, तर हमरियाचा तो व्यापारी, माझा जुना मालक. तो सगळ्यांना हबीबी म्हणतो म्हणून आमच्याकडे त्याचं नावच हबीबी पडलं होतं. तो ऑफिसात बसून चहा पीत होता, मी मागच्या दाराने निघून माझ्या टेबलाशी गेलो. त्याने मला बघितलं नाही असं मला वाटलं.

चाचांनी दोन दिवस गाडी बघितली. काचा बरोबर. पट्टीवर रेघा होत्या. तारखा बरोबर. डिकीत ओघळसुद्धा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मागच्या सीटखाली आडवे झाले, दांडीचा आरसा आत घालून बराच वेळ बघत राहिले. मग उठून कपडे झटकले.

"मागची सीट काढ," मला म्हणाले. "हबीबी बोलतो, कारखान्यापासून कोणी हात नाही लावलेला. आत कागद असेल तर बघ. मी नमाज पढून येतो."

कागदाचं असं असतं की त्या काळी कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा: कुठलं इंजिन, कुठला रंग, काय काय बसवायचं. कामगार काम झालं की तो कागद कधीकधी सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचे. तो सापडला तर गाडीची जन्मपत्रिकाच सापडली.

सीट काढून टेबलावर उलटी ठेवली. शिवण माझी होती. आपली शिवण माणूस अंधारात हाताने ओळखतो. आणि मला तो दिवस पण आठवला. हमरियाच्या शेडमध्ये हबीबीने एक घडी घातलेला तपकिरी कागद माझ्या हातात दिला होता. "ये इधर से ही निकला था, वापस रख दो. और सिलाई पुरानी दिखनी चाहिए." मी ठेवला होता. मला इंग्रजी वाचता येत नाही. जिथून निघालं तिथे ठेवा म्हणाले, ठेवलं. शिवण जुनी दिसायला दोरा चहात भिजवून घेतला होता. आणि तोंड बंद करायच्या आधी...

कव्हर धरून ठेवणाऱ्या तीन रिंगा काढल्या. कागद होता. त्याच्या खाली, फोमच्या खाचेत, हळदीचे चार दाणे.

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पंखा चालू होता. चार दाणे म्हणजे किती? फुंकर मारली असती तरी गेले असते. शिवण चाचांनी ओळखली नसती असं मला तेव्हा वाटत होतं. दाणे नसते तर हे माझं काम आहे असं कोण बोलणार होतं? आणि मी बोललो तर? खोट्या गाडीला हात लावलेला माणूस, खोट्या दाखल्यावर आलेला माणूस. पोलीस, व्हिसा, विमान. मोठी मुलगी बारावीला होती. न बोललो तर चाचांची सही एका बनवलेल्या गाडीवर पडणार, ज्या सहीवर इथली माणसं डोळे मिटून गाड्या घेतात. मी दाणे उचलून मुठीत धरले. एवढंच केलं. पुढचं काही सुचेना.

चाचांना त्या दिवशी नमाजाला फार वेळ लागला. मशीद आमच्या मागच्याच गल्लीत आहे.

ते आले, म्हणाले, "मिळाला?"

मी कागद दिला. त्यांनी भिंगाने पूर्ण वाचला. इंजिन जुळत होतं, रंग जुळत होता, नंबर जुळत होता. "सगळा बरोबर आहे," ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. पेनाचं टोपण काढलं. मी त्या टोपणाकडे बघत होतो. मग मी मूठ कागदावर नेली आणि उघडली.

चाचांनी दाण्यांवर भिंग धरलं. एवढ्याशा चार दाण्यांवर.

"अमेरिकेत सीटला अक्षता टाकतात काय रे?"

मी सगळं सांगितलं. कागद, चहा, दोरा, दाखला, ऑफिसबॉय. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. चाचा ऐकत राहिले. मधे एकदाही "कोण बोलतो?" म्हणाले नाहीत.

"शिवण मी आरशातच ओळखली होती," माझं संपल्यावर ते म्हणाले. "तू टाका घालताना उजवीकडे खेचतोस. चार महिने बघतोय."

"मग तुम्ही मला एकट्याला सीटपाशी..."

"हो."

"आणि मी दाणे खिशात टाकले असते तर?"

"तर गाडी बनवलेली लिहिली असती," चाचा म्हणाले. "आणि तुला पण."

मला राग आला. गाडीसारखं आपल्याला कोणीतरी बादलीवर बसून मागून बघत होतं, हे कळल्यावर येतो तसा. थोडा अजून येतो. पण तेवढ्यात त्यांनी खालचा खण उघडला, डब्याचं कुलूप काढलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

"मोज."

छाप नऊ होते. शून्य, एक, दोन, चार... तीन नव्हता.

"तीन कुठेय?"

"खाडीत," चाचा म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा डेन्टिंगचा काम करत होतो. एका माणसाने सांगितला, हा नंबर ठोक. ठोकला. मला वाटला, मालक बोलतो तर बरोबर असेल. कोण बोलतो ते विचारला नाही. ज्याने ती गाडी घेतली, त्याने गावची जमीन विकून घेतली होती. सुट्टीला गेलो तेव्हा तीनचा छाप घेऊन गेलो आणि दाभोळला फेरीबोटीतून पाण्यात टाकला. आता हा सेट तो नंबर पुन्हा ठोकू शकत नाही."

"मग बाकीचे ठेवलेत कशाला?"

"रोज बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू राशिद आले, हबीबी आला. चाचांनी मला मागे जायला सांगितलं होतं, पण मी दारात उभा राहिलो. चाचांनी एका पांढऱ्या कागदावर चार दाणे ठेवले आणि अबू राशिदच्या पुढे सरकवले. सीट उघडल्यावर हे निघाले म्हणाले. कोणी शिवली, कोणी सांगितलं, काहीच नाही.

हबीबी हसला. "अरे चाचा, चावल है. चूहा ले गया होगा."

"हल्दी लगाके?" चाचा म्हणाले.

अबू राशिदच्या मिशीखाली काहीतरी हललं. हबीबीने इकडे तिकडे बघितलं आणि दारात त्याला मी दिसलो. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "चाचा, इस आदमी की बात में मत आना. ये चोर है, मेरे पास था. ये सीट तो इसीने सिली थी, मेरे शेड में!"

परवापर्यंत ज्या सीटला कारखान्यापासून हात लागला नव्हता, ती सीट.

चाचा हळूच म्हणाले, "कौन बोलता?"

हबीबीने बोट खाली घेतलं. अबू राशिद उठले, "खलास" म्हणाले, आणि जाताना त्या चार दाण्यांचा कागद घडी घालून बरोबर घेऊन गेले. लाल गाडी त्याच दिवशी परत गेली. माझ्याबद्दल पुढे कोणी काही विचारलं नाही. मी महिनाभर दाराकडे बघत काम केलं. कोणी आलं नाही.

त्यानंतर चाचा तीन वर्षं होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण उजवा डोळा पहिल्यासारखा झाला नाही. एक दिवस त्यांनी इंजिनावर आठ वाचला, तो तीन निघाला. हुबळीच्या पेंटरने सहज सांगितलं, चाचा, तीन आहे. चाचांनी पुन्हा बघितलं, बोट फिरवलं, भिंग खिशात टाकलं आणि मालकाकडे जाऊन म्हणाले, "मला आता माझाच भरवसा नाही." त्याच महिन्यात व्हिसा कॅन्सल करून निघाले. सगळ्यांनी थांबवलं. त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. स्वतःचा निकाल पण ते त्याच तीनपैकी एका शब्दात लिहीत असणार.

जायच्या दिवशी दुपारी जावयाने गाडी आणली. डबा चाचांच्या हातात होता, बॅगेत ठेवला नव्हता. मी त्यांच्यासाठी एक कुशन शिवलं होतं, पाठीला, विमानात बसायला. काळं रेक्झिन, चांगला फोम. त्यांनी घेतलं, उलटं केलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. शेवटच्या तोंडापाशी अंगठा थांबला. बाहेरून तिथे काही कळत नाही. मी कळू देत नाही.

"आत पाच दाणे टाकलेत, चाचा," मी म्हणालो. "एक जास्तीचा."

त्यांनी वर बघितलं. हात सवयीने खिशातल्या भिंगाकडे गेला होता.

"कोण बोलतो?"

"मी बोलतो."

हात खिशावर तसाच राहिला. मग खाली आला.

"मग असतील," चाचा म्हणाले.

ते मागच्या सीटवर बसले, कुशन पाठीला लावलं, डबा मांडीवर घेतला. जावई म्हणाला, यल्ला चाचा, उशीर होतो. गाडी वळली तेव्हा ते मला शेवटचे दिसले. माझ्याकडे बघत नव्हते. मान वाकडी करून, चांगल्या डोळ्याजवळ बोट नेऊन, जावयाच्या गाडीच्या काचेचा कोपरा वाचत होते.